धामणीला आलेलं स्थळ

म्हसावदच्या चुनीलाल पाटलाला सापांतलं कळतं, हे पंचक्रोशीत कुणी नाकारत नव्हतं. नाकारलं असतं तर चुनीलालने त्याला ओट्यावर बसवून दुपारपर्यंत सोडलं नसतं. माणूस बोलण्यात पट्टीचा. कापसाचा भाव असो, केळीचं पाणी असो, कुणाच्या घरचं भांडण असो, त्याच्याकडे उत्तर तयार असायचं, आणि पंचाईत अशी की ते उत्तर बहुतेक वेळा बरोबर निघायचं. अशा माणसाला बरोबर असण्याची सवय लागते. तंबाखू परवडली, पण ही सवय नको.

साप त्याने हौसेने पाळले नव्हते, निदान सुरुवातीला तरी नाही. घरामागे कापसाची खोली होती. वेचणी सुरू झाली की ती आढ्यापर्यंत भरायची आणि सरकीच्या वासाने गावभरचे उंदीर तिथे मुक्कामाला यायचे. मांजरं ठेवून पाहिली, तर ती उबदार कापसात लोळून झोपायची. विष ठेवलं, तर शेजाऱ्याचं कुत्रं मेलं आणि वर्षभर बोलणं बंद झालं. शेवटी त्याचा सालदार गडी बाज्या, धडगावच्या वाटेवरच्या पाड्यातला भिल्ल, याने एक दिवस धोतराच्या सोग्यात गुंडाळून पाच हात लांबीची धामण आणून दिली. महिन्याभरात खोलीत उंदराची लेंडी दिसेना. तेव्हापासून चुनीलालच्या घरी धामण असायचीच, आणि हळूहळू हौसही लागली.

त्या साली, म्हणजे एकसष्टच्या दिवाळीला, त्याच्याकडे दोन धामणी होत्या. एक थोरली आणि दुसरी रंगाने फिकट म्हणून भुरी. दोघींना वेगवेगळ्या पेट्या, चहाच्या खोक्यांच्या फळ्यांच्या, वर बारीक जाळी. एक पेटी खोलीच्या या कोपऱ्यात, दुसरी त्या कोपऱ्यात. एक दिवस थोरलीला कापसात मोकळी सोडायची, दुसऱ्या दिवशी भुरीला, दोघींना एकदम कधी नाही. बायको तापीबाई म्हणायची, एवढा बंदोबस्त तर सावकार तिजोरीचा ठेवत नाही. पण चुनीलाल त्यांच्या पाठीवरून बोट फिरवून सांगायचा की कोणती भुकेली आहे, कोणती कात टाकायला आली आहे, आणि कोणाचं काही बिनसलं आहे.

दिवाळीला त्याची एकुलती एक मुलगी शांती माहेरी आली होती. लग्नाला दोन वर्षं झाली होती. सासर तापी नदीच्या पलीकडच्या काठावर, साठ बिघे काळी जमीन, दाराशी दोन बैलजोड्या, आपल्याच गुजर समाजातलं नामांकित घर. स्थळ चुनीलालने स्वतः शोधलं होतं, आणि मांडवात लोक म्हणाले होते की जोडा शोभतो. तो ते वाक्य अजून सांगायचा.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी शांतीने आईला सांगितलं की मला परत जायचं नाही. जावई रतिलालचा हात सैल होता. आधी चिडून मारायचा, आता न चिडताही मारत होता. तापीबाईने ते नवऱ्याच्या कानावर घातलं. चुनीलाल तेव्हा ढिगावर चढून कापूस दाबत होता. तो खाली न उतरताच म्हणाला की घर म्हटलं की भांड्याला भांडं लागणारच, आणि आषाढात मी तिथे गेलो तेव्हा मी डोळ्यांनी पाहिलं, दोघं ओट्यावर खांद्याला खांदा लावून बसली होती. "देवनी जोडा बांधेल शे," तो वरून म्हणाला. "त्याले आपन हात लावू नही."

"पोर अर्धी भाकर खास," तापीबाई पोरीच्या खाण्याचं म्हणाली. "अर्धी ताटमाच ऱ्हास."

"सासरनी गोड लागत व्हई," चुनीलाल म्हणाला आणि स्वतःच हसला.

पाडव्यानंतरच्या लाभपाचमीला रतिलाल न्यायला येणार, हे ठरलेलं होतं. शांतीने त्यानंतर विषय काढला नाही. ती दोन वेळा झाडलोट करायची, आईच्या हाताखाली करंज्या तळायची आणि बापाच्या मागून कापसाच्या खोलीत येऊन धामणींच्या वाट्यांत पाणी भरायची. पोर गप्प झाली म्हणजे समजली, असा चुनीलालने अर्थ लावला. दुसऱ्याच्या पोरीबद्दल त्याने असा अर्थ लावला नसता.

आणि मग लाभपाचमीच्याच सकाळी गावाने त्याच्या दाराशी एक नवरदेव आणून बसवला.

झालं होतं असं. प्रेमचंदबाबांच्या शेतात आठ दिवसांत तीन वेळा नाग दिसला होता. प्रेमचंदबाबा म्हणजे समाजातलं सगळ्यात वडीलधारं माणूस, सत्तरी ओलांडलेलं, ज्यांच्या शब्दावर म्हसावदमधली लग्नं ठरायची आणि मोडायची. नाग आधी विहिरीवर दिसला, मग बांधावर, मग थेट फुटलेल्या कापसात. वेचणाऱ्या बायांनी कमरेच्या कापसाच्या ओट्या सोडल्या आणि घर गाठलं. कापूस झाडावर लोंबत राहिला. आदल्या दिवशी बाज्याने तो नाग शिताफीने धरला आणि मडक्यात घालून वर फडकं बांधलं. इथवर सगळं ठीक होतं. पण गावातल्या शहाण्यांनी रात्रीतून त्याचा अर्थ लावला, आणि सकाळी ते मडकं कुंकू लावून, लाल कापड गुंडाळून, पंधरा-वीस माणसांच्या वरातीने चुनीलालच्या ओट्यावर आलं.

प्रेमचंदबाबा काठी बाजूला ठेवून बसले. "चुनीलाल, हाऊ नाग फुकट फिरी नही ऱ्हायना. तो आपली बायकोले धुंडी ऱ्हायना. तू तिले पेटीमा कोंडी ठेयेल शे."

आता हे बाहेरच्यांना सांगितलं पाहिजे की आपल्याकडे धामण ही नागाची बायको मानतात. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, ते विचारायचं नाही. नाग नवरा, धामण बायको, एकीला मारलं तर दुसरा सूड घेतो, एकीला अडकवलं तर दुसरा दारोदार फिरतो. शाळेतले गुरुजीसुद्धा हेच सांगायचे.

"मंग काय करानं, बाबा?" चुनीलालने विचारलं. त्याच्या डोळ्यांत चमक आली होती. सकाळी सकाळी एवढे श्रोते घरबसल्या मिळणं म्हणजे दिवाळी अजून संपली नव्हती.

"एक रात दोन्हीस्ले एकच पेटीमा ठेव. हळदकुंकू वाहूत. सकाळे दोन्हीस्ले संगेच रानमा सोडी देऊत. जोडा फोडानं पाप गावले नको."

मंडळींनी माना हलवल्या. चुनीलाल उठला, मडक्याला एक प्रदक्षिणा घालून आला आणि मुलीच्या बापाने बसावं तसा खांबाला टेकून बसला.

"नवरदेव देखना शे," तो म्हणाला. "पन प्रेमचंदबाबा, मी मन्ही पोर परजातमा देत नही."

दोघे-चौघे हसले. प्रेमचंदबाबा हसले नाहीत. "परजात कशी? नाग आनि धामण कव्हयपाईन नवराबायको शेतस."

"लगीन कोनी देखं? तुम्ही गयथात का जेवाले?" चुनीलाल आता रंगात आला होता. "नागनी बायको नागीन ऱ्हास, बाबा. तिले बी फणा ऱ्हास. धामणना नवरा धामणच ऱ्हास. याना दातमा जहर शे, हिना दातमा नही. हिनी चाल येगळी, बसनं येगळं, अंडं येगळं. आनि याले जेवाले काय आवडस, ते बाज्याले इचारा."

बाज्या पायरीवर बसून बिडी ओढत होता. त्याला एवढ्या लोकांसमोर बोलायची सवय नव्हती. "साप खास तो," तो म्हणाला. "धामण बी गिळस. मी देखेल शे. अर्धी मजार, अर्धी बाहेर."

"आयका. म्हनजे हळदकुंकू वाहीसन तुम्ही घर जाशात, आनि सकाळे पेटी उघडशात तं नवरदेव एकटाच, पोट फुगाडीसन बसेल."

आता मात्र सगळेच हसले. चुनीलालने हसू ओसरू दिलं आणि मग आवाज उतरवून, खास प्रेमचंदबाबांसाठी म्हणून, पुढचं सोडलं. "बाबा, तुम्हनी नातकरता शहादाना पोऱ्या ऊना व्हता. शिकेल, नोकरीवाला, पोर बी राजी. तुम्ही त्याले का बरं फिराया?"

सगळ्यांना कारण माहीत होतं.

"जात येगळी व्हती," चुनीलालच म्हणाला. "मंग मन्ही बी येगळी शे. तुम्हले एक न्याय आनि धामणले दुसरा, असं कसं चाली?"

याच वेळी घाटावरची भाड्याची बैलगाडी दारात थांबली आणि रतिलाल उतरला. पांढरं स्वच्छ धोतर, टोपी, हातात मिठाईचा पुडा. तो पहाटे पहिल्या नावेने तापी उतरून आला होता आणि संध्याकाळच्या नावेने त्याला बायकोला घेऊन परत जायचं होतं. चुनीलालने घाईने त्याला खाटेवर बसवलं, पाणी मागवलं आणि कशाबद्दल बोलणं चाललं आहे ते दोन वाक्यांत सांगितलं. रतिलाल हसला, मांडी घालून बसला आणि नागाच्या मडक्याकडे कौतुकाने बघू लागला. पाणी शांतीने आणलं. तांब्या त्याच्यापुढे ठेवून ती आत गेली आणि दाराच्या फळीआड उभी राहिली.

प्रेमचंदबाबा एवढ्यात हार मानणारे नव्हते. त्यांनी काठी परत हातात घेतली. "जातनं ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "तुन्ह्या घरमा दोन धामणी शेतस ना? त्या तं एकच जातन्या. दोन्ही मादीस, बहिनीसारख्या. मंग त्यास्ले दोन पेट्या कसाले? एकच पेटीमा ठेव, आनि तुन्हं खरं."

सवाल बिनतोड होता. जात वेगळी म्हणून एकत्र ठेवायचं नाही, तर मग जात एक आहे तिथे काय अडचण? रतिलालही पुढे सरसावून ऐकू लागला.

उत्तर चुनीलालकडे होतं, पण ते त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण त्यात तो स्वतः चुकला होता. मात्र एवढी जमलेली बैठक हातची घालवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याने सांगायचं ठरवलं.

पाच वर्षांपूर्वी त्याच्याकडे अशाच दोन धामणी होत्या आणि पेटी एकच होती. कोण एवढ्या फळ्या वाया घालवतो, असा विचार. हिवाळ्यात ती पेटी त्याने चुलीच्या भिंतीला लावून ठेवली, ऊब मिळावी म्हणून. दोघी त्या भिंतीकडच्या कोपऱ्यात एकमेकींवर वेटोळं घालून पडायच्या. ते बघून त्याला इतकं बरं वाटलं की त्याने शेजारपाजारच्यांना बोलावून दाखवलं. बघा, मुक्या जिवांची माया. "तुम्ही बी ऊंथात, बाबा," तो म्हणाला, "आनि तुम्हनी म्हनेल व्हतं, माणूसपेक्षा जनावर बरं."

प्रेमचंदबाबांनी आठवून मान हलवली.

"दीड महिनामा त्यामातली धाकली मरी गयी. तिना फुडे दोन उंदीर पडेल, हात लायेल नही. मी हातमा लिधी तं नुसतं कातडं, पाठना मनका मोजी ल्या. तव्हय मी त्या पेटीफुडे दिवसभर बसनू आनि माले उमजनं. ऊब एकच कोपरामा व्हती. थोरली तठे बसे. धाकलीले थंडी वाजे म्हनीसन ती बी तठेच जाये, आनि थोरली तिले खाले दाबी ठेवे. उंदीर टाका का थोरलीनी झेप पहिली. धाकलीनी तोंड घाला तं तिनाच डोकाले चावा. ती तिनाजवळ बसे, कारन दुसरीकडे जागा नही व्हती. आनि मी गावले सांगे, माया शे."

कुणी हसलं नाही. चुनीलालला आपलं बोलणं लागलं आहे हे कळलं आणि तो पूर्ण भरात आला.

"साप रडत नही, बाबा. बोंबलत नही, कोन्हाकडे गाऱ्हानं लई जात नही. त्याले सोसात नही तव्हय तो खानं सोडी देस. ज्याना घर तो शे, त्यानी तठेच वळखाले पाह्यजे. मी नही वळखं. ती मन्हा घर उपाशी मरनी, आनि मी रोज तिना तोंडफुडे बसेल व्हतू. जात एक शे म्हनीसन पेटी एक करता येत नही. माले कोन्ही काहीबी सांगो, भुरीनी पेटीमा मी दुसरं जनावर टाकाव नही. नाग नही, धामण नही, देव ऊना तरी नही."

प्रेमचंदबाबांनी काठी खाली ठेवली. मग म्हणाले, "मंग बायास्ले मी काय सांगू?"

"मी सांगस. उद्या सकाळे तुम्हना कापसामा पहिली ओळ मी चालसू, अनवाणी. मन्हा मांगे त्या येतीन."

म्हातारा तयार झाला. बाज्याने मडकं उचललं, वरचं लाल कापड सोडून पायरीवर ठेवलं आणि नवरदेवाला घेऊन धडगावच्या रस्त्याला लागला, पायथ्याच्या जंगलात सोडून यायला. बैठक उठली. चार लोकांनी जाता जाता चुनीलालच्या पाठीवर थाप मारली. रतिलालसुद्धा म्हणाला की मामा, तुमच्यापुढे वकिलाने हात टेकावेत. प्रेमचंदबाबा तेवढे सुपारी कातरत ओट्यावरच टेकून राहिले. उन्हं उतरल्याशिवाय ते घरी जात नसत.

तापीबाईला जावयाचं ताट वाढायला सांगून चुनीलाल कापसाच्या खोलीत गेला. खरं तर तिथे काही काम नव्हतं. मोठं बोलणं झालं की त्याला थोडा वेळ एकटं बसून ते परत मनातल्या मनात ऐकायला आवडायचं. त्याने भुरीच्या पेटीची जाळी उघडली. ती निवांत होती. तिच्या पाठीवरून बोट फिरवलं, आणि स्वतःशीच म्हणाला की तुला आज चांगला बाप भेटला.

मागे शांती उभी होती. हातात पाण्याची वाटी होती.

"आबा, मी समदं आयकं."

"मंग? कसं वाटनं?" त्याने हसून विचारलं.

तिने खाली बसून वाटी पेटीत ठेवली. बापाकडे न बघता, कोणावरही न रागावता ती म्हणाली, "भुरीसाठे तुम्ही इतलं बोलनात. समदा गावफुडे, प्रेमचंदबाबाफुडे. मन्हासाठे एक शबद बी नही बोलनात."

"तुन्हं येगळं शे, बेटा. तू माणूस शे."

"माणूससाठे कमी बोलतस का, आबा?"

चुनीलाल पेटीसमोरून बाजूला सरला.

जाळी परत लावायला तिने हात वर केला, तेव्हा बांगड्या मनगटावरून सरळ कोपरापर्यंत घरंगळल्या. गेल्या दिवाळीला कासाराने त्याच बांगड्या तेल लावून, हात दाबून चढवल्या होत्या. चोळी गेल्या वर्षीच्या मापाची होती आणि खांद्यावर तिची घडी पडत होती. गळ्याखालची दोन्ही हाडं वर आली होती. मग त्याने तिच्याकडे तसं बघितलं जसं तो पेटीतल्या जिवाकडे बघायचा, घाई न करता, वरपासून खालपर्यंत, आणि त्याला दिसायचं ते सगळं दिसलं. आठ दिवस ती त्याच्यासमोर जेवायला बसत होती. तापीबाईने तर भाकरीचा हिशेबसुद्धा सांगितला होता. त्याने त्यावर विनोद केला होता.

आषाढातला तो ओटाही त्याला आठवला. पाहुणा आला म्हणून दोघं शेजारी बसली होती, आणि रतिलालचा हात तिच्या पाठीमागे होता. तो हात काय करत होता, हे त्याने बघितलं नव्हतं. त्याने फक्त खांद्याला लागलेला खांदा बघितला होता आणि गावभर सांगितलं होतं. चुनीलालला इतकी लाज वाटली की त्याला पोरीसमोर उभं राहवेना. तिच्या डोक्यावर हात ठेवावा असं वाटलं, पण तो हातही उचलेना. "तू आठेच थांब," एवढंच तो म्हणाला आणि बाहेर गेला.

रतिलाल मधल्या खोलीत जेवत होता. चुनीलाल भिंतीला टेकून उभा राहिला आणि त्याचं जेवण होईपर्यंत थांबला. ताटावर बसलेल्या माणसाला बोलायचं नाही, ही घराची रीत होती, आणि ती आज मोडायला नको असं त्याला वाटलं. रतिलालने दोन वेळा भात घेतला. हात धुऊन ओट्यावर आला आणि गाडीवानाला बैल जुंपायला सांगितले.

"शांतीनी पेटी गाडीमा ठेयी का?" त्याने विचारलं.

पेटी गाडीत होती. तापीबाईने गाडी दाराशी येताच ती गड्याकडून ठेवून घेतली होती. नवऱ्यापुढे आपलं काही चालणार नाही असं ती धरून चालली होती, आणि आजपर्यंत ते खरंच होतं.

"जवाईबापू," चुनीलाल म्हणाला, "शांती येत नही."

रतिलालला आधी वाटलं की तब्येतीचं काही असेल. "मंग कव्हय येऊ न्याले? तुळशीना लगीन झाल्यावर?"

"येऊच नका. ती तुम्हना घर परत येवाव नही. तुम्ही तिले मारतस. ती तुम्हना घर जेवत नही. ती मरी जाई." त्याने हे तीन-चार तुकड्यांत, एकेक शब्द ठेवत सांगितलं. सकाळचा रंग, चढउतार, म्हणी, काहीच नव्हतं. पण आवाज हलला नाही.

रतिलालचा चेहरा लाल झाला. त्याने प्रेमचंदबाबांकडे बघितलं. समाजाचा वडीलधारा माणूस समोर बसलेला होता, आणि असल्या बाबतीत तो काय म्हणतो हे सगळ्यांना पाठ होतं. प्रेमचंदबाबांनी सुपारी बाजूला ठेवली. "चुनीलाल, जोडा फोडाना..." ते म्हणाले आणि मध्येच थांबले. सकाळी हेच शब्द कुणाबद्दल वापरले होते ते त्यांनाच आठवलं असावं. त्यांनी अडकित्ता उचलला आणि परत सुपारी कातरायला घेतली.

"मी जात बसाडसू," रतिलाल म्हणाला. "दोन्ही काठन्या पंचेस्ले बलावसू. तुम्हले समदास्नाफुडे जबाब देना पडी."

"बलावा," चुनीलाल म्हणाला. "ज्यास्ले बलावानं त्यास्ले बलावा. मी येसू. सकाळपाईन मी सापसाठे बोली ऱ्हायंतू, तठे मन्ही पोरसाठे बोलसू. बोलानं माले येस, जवाईबापू, ते तुम्हीच आते म्हननात."

टोपी सारखी करून रतिलाल गाडीत चढायला निघाला. चुनीलाल त्याच्या आधी पायऱ्या उतरला. पोरीची पेटी गड्याच्या हाताने उतरवायची नाही, असं त्याच्या मनात आलं. आजूबाजूच्या ओट्यांवर आता माणसं येऊन उभी राहिली होती. त्याने पत्र्याच्या त्या मोठ्या पेटीच्या दोन्ही कड्या धरल्या, दोन पातळं, दिवाळीचं लुगडं, भांडी, फराळाचे डबे, एवढं वजन धरून पाय रोवले आणि जोर लावून उचलली.

पेटी वर आली ती इतकी सहज की तो मागे कोलमडता कोलमडता राहिला. आत काही हललं नाही, वाजलं नाही. एक चिंधीसुद्धा नव्हती. शांतीने आठ दिवसांत तिच्यात काहीच भरलं नव्हतं, आणि कुलूप मात्र लावलं होतं.

मधे तापी होती, संध्याकाळची नाव होती, आणि जिला पलीकडे पोचायचं असतं ती लुगडं तरी बरोबर घेते. शांतीला पलीकडे पोचायचंच नव्हतं, हे चुनीलालला कळलं. पण लोक बघत होते. त्याने पेटी छातीशी धरली, पाठ वाकवली, आणि भरल्या पेटीचं ओझं झाल्यासारखा एकेक पायरी थांबून चढत ती आत घेऊन गेला.